उलटा नाद आणि एक जपानी पेटी

सतारीची तार छेडली असता प्रथम काय ऐकू येते, असा प्रश्न केल्यास बहुतेक जण 'स्वर' असेच उत्तर देतील. वस्तुतः स्वराच्या आधी दुसरेच काही कानी पडते. नखी तारेवर आपटते, तार बाजूस ओढली जाऊन सुटते, आणि त्या सुटण्याचा एक कोरडा, किंचित बेसूर असा टणत्कार होतो. तो सेकंदाच्या काही शतांशांत संपून जातो व त्याच्या मागोमाग स्वर येतो. पण हा स्वर जन्मतःच क्षीण होऊ लागलेला असतो. गजावाचून वाजणाऱ्या सर्व तंतुवाद्यांची हीच गत आहे. त्यांचे तारुण्य जन्माच्या क्षणीच. पुढे सारा उतार.

हा क्रम पालटावयाचा, म्हणजे आघात ऐकूच येऊ द्यावयाचा नाही आणि स्वर शून्यातून हळूहळू फुगत यावा असे करावयाचे, एवढ्या एकाच हेतूने जपानातील 'बॉस' या नावाने पेट्या विकणाऱ्या कारखान्याने १९७९ साली विजेच्या गिटारसाठी एक लहानसे पेडल बाजारात आणले. नाव 'स्लो गिअर', क्रमनाम 'एसजी-१'. तळहातावर मावेल एवढी ही पेटी. पायाने दाबून चालू-बंद करावयाची, आणि वर फिरवावयाची अवघी दोन बटणे. १९८२ साली तिचे उत्पादन थांबले. अवघे तीन वर्षांचे आयुष्य लाभलेल्या वस्तूचा इतिहास लिहावा असे तिच्यात काय आहे, असे वाचक विचारतील. परंतु पेटी तीन वर्षांची असली तरी तिच्यामागची इच्छा अडीचशे वर्षांहून जुनी होती. आणि ती पुरी करण्याच्या खटपटीत माणसाच्या कानासंबंधी जे उघडकीस आले, ते आमच्या मते पेटीहून फार मोलाचे आहे.

आपल्या संगीतग्रंथांत नादाचे तीन धर्म सांगत असतात : उच्चनीचपणा, लहानमोठेपणा आणि जाती. यांपैकी जाती म्हणजे ज्या गुणामुळे एकच षड्ज सनईचा की सारंगीचा हे न पाहता ओळखता येते तो गुण. ही जाती कशामुळे उत्पन्न होते, याचे शास्त्रीय उत्तर हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने १८६३ साली आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात दिले. मूळ स्वराबरोबर जे उपस्वर उमटतात त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर जाती अवलंबून असते, असे त्याचे प्रतिपादन होते. स्वराच्या आरंभीच्या खडखडाटानेही वाद्य ओळखू येते हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. तथापि त्याने तो भाग बाजूस ठेवला आणि मधल्या स्थिर स्वराचाच विचार केला. पुढे महाविद्यालयांतून तेवढाच भाग शिकविला जाऊ लागला. आमचे विद्यार्थी प्रयोगशाळेत सोनोमीटरच्या तारेची कंपनसंख्या ठरवीत बसतात, तेव्हा तार छेडतानाचा टणत्कार हा त्यांच्या लेखी प्रयोगातील एक व्यत्यय असतो.

हा व्यत्ययच वाद्याचा परिचय करून देणारा दूत आहे, हे सिद्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. बर्लिनचे कार्ल स्टुम्फ यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या वाद्यांच्या स्वरांचा आरंभ श्रोत्याला ऐकू न देता फक्त मधला भाग ऐकविण्याचे प्रयोग नमूद आहेत. त्यांत तयार कानाची माणसेही वाद्ये ओळखताना गोंधळून गेली. पुढे १९६४ साली अमेरिकेत केनेथ बर्जर यांनी ध्वनिफितीवर असाच प्रयोग केला. श्रोते म्हणून त्यांनी बसविले होते ते स्वतः वाद्यवृंदात वाजविणारे लोक. फुंकवाद्यांच्या स्वरांचा आरंभ कापून टाकताच, ज्या वाद्यांच्या संगतीत त्यांचे रोजचे जीवन जात होते तीच त्यांना परकी झाली. म्हणजे चेहरा झाकला आणि धड तेवढे दिसले, तर आपल्या ओळखीचा माणूसही आपण चुकतो, तसाच हा प्रकार.

आता त्या जुन्या इच्छेकडे वळू. स्वर फुगत नेणे ही गळ्याला व गजाला सहज साधणारी गोष्ट. कळीच्या वाद्यांना ती साधत नसे. चर्चमधील नळ्यांच्या ऑर्गनचा स्वर तर कळ दाबताच पूर्ण जोराने उमटे आणि कळ सोडताच तुटे. १७१२ साली लंडन पुलाजवळच्या सेंट मॅग्नस चर्चमध्ये अब्राहम जॉर्डन याने बांधलेल्या ऑर्गनमध्ये नळ्यांचा एक संच पेटीत कोंडून तिला सरकते दार बसविले होते. दार हळूहळू उघडले की आतला नाद जवळ येत असल्यासारखा वाढे, मिटले की दूर जाई. त्या काळच्या लंडनच्या वृत्तपत्रात या नवलाईची जाहिरातही आली होती. ही युक्ती पुढे साऱ्या ऑर्गनांत शिरली आणि तिचेच एक गरीब भावंड आपल्याकडेही येऊन पोहोचले. संगीत नाटकांच्या साथीला जे पायाने भाता मारावयाचे ऑर्गन आले, त्यांतील पुष्कळांना कळांखाली गुडघ्याने ढकलावयाच्या पट्ट्या असत. हात स्वरांत गुंतलेले, पाय भात्यावर. राहिले ते गुडघे, म्हणून जोर कमीअधिक करण्याचे काम त्यांच्याकडे. गंधर्वयुगातील नाट्यपदे ज्यांनी ऐकली त्यांच्या कानांत ती भरती-ओहोटी असेलच, जरी ती गुडघ्यातून येते हे त्यांच्या ध्यानी आले नसेल.

गिटारला विजेची जोड मिळाली तेव्हा ही सोय तिच्या अंगीच आली. तारेचे कंपन पिकअपने विजेत बदलले आणि ध्वनिवर्धकाकडे पाठविले म्हणजे वाटेत एक बटण बसविता येते. बटण बंद ठेवून तार छेडावी, आघात वाया जाऊ द्यावा, आणि मग बटण उघडीत जावे. स्वर कोठून आला ते कळत नाही, तो नुसता उमलतो. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची जी पोलादी गिटार हवाई बेटांतून जगभर पसरली, आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या द्वारे आपल्या घरोघर परिचित झाली, तिच्या वादकांनी हे काम आधी करंगळीने व मग पायाखालच्या पेडलने केले. पुढे उभ्या गिटारवरही ही करंगळी चालू लागली. रॉय बुकॅनन या अमेरिकन वादकाच्या हातची ती खासियत होती. १९७५ साली इंग्लंडच्या जेफ बेक याने एक संथ रचना त्यालाच अर्पण केली, आणि तिचा आरंभ अशाच फुगत्या स्वरांनी केला. शिष्याने गुरूची उचल दाखवावी तसेच ते होते.

इतका वेळ आम्ही फुगणाऱ्या स्वराबद्दल बोललो. उलटा स्वर ही वस्तू त्याच्या जवळची, पण वेगळी. तिचा जन्म एडिसनच्या फोनोग्राफबरोबर १८७७ साली झाला. कथलाच्या पत्र्यावर ध्वनी कोरणारे ते नळकांडे हाताने फिरवावयाचे असे; तेव्हा ते उलटे फिरवून पाहण्याचा मोह कोणास आवरणार? शब्द उलटे वाजविले तर निरर्थक पण चमत्कारिक भाषा ऐकू येते. छेडलेला किंवा ठोकलेला स्वर उलटा वाजविला तर त्याहून विलक्षण घडते. त्याचे विरून जाणे आधी येते : अगदी अस्पष्ट अशा श्वासातून स्वर निघतो, वाढतो, भरतो, आणि आता शिखर गाठणार तोच आघातावर आपटून एकाएकी नाहीसा होतो. पियानोचा स्वर असा ऐकला तर तो पियानोचा म्हणून कोणी ओळखणार नाही. विशेष हे की, त्यातील उपस्वर तेच आणि त्याच प्रमाणात असतात. पालटलेली असते ती केवळ काळाची दिशा. हेल्महोल्ट्झने बाजूस ठेवलेल्या भागाचे महत्त्व याहून स्पष्टपणे कोणता प्रयोग दाखवील?

या चमत्काराचा कलेसाठी जाणूनबुजून उपयोग प्रथम चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर झाला. झां व्हिगो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९३३ साली 'झेरो द काँद्युइत' हा शाळकरी मुलांच्या बंडाचा चित्रपट काढला. त्यात वसतिगृहातील मुले उशा फाडून एकमेकांवर फेकतात, सर्वत्र पिसे उडू लागतात, आणि तेथून पुढे सारे दृश्य संथ गतीने तरंगत जाते. मोरिस जोबेर या संगीतकाराने त्या प्रसंगासाठी प्रथम एक चाल रचली. मग ती शेवटच्या स्वरापासून पहिल्या स्वरापर्यंत उलटी लिहून काढली, वादकांकडून तशी वाजवून घेतली, आणि ती ध्वनिपट्टी उलटी चालविली. त्यामुळे चाल पुन्हा सुलट झाली. परंतु तिच्यातील एकेक स्वर मात्र उलटाच राहिला. ओळखीची वाट, आणि तीवर पावले उमटतात ती आधी बोटे व मग टाच अशी. चित्रपटावर फ्रेंच सरकारने बंदी घातली आणि ती कित्येक वर्षे राहिली. ती मुलांच्या बंडासाठी होती, जोबेरच्या बंडाची सरकारास दखल असण्याचे कारण नव्हते.

दुसरे नाव पिएर शेफेर यांचे. हे व्यवसायाने इंजिनियर, फ्रेंच नभोवाणीत नोकरीला. १९४८ साली पॅरिसच्या स्टुडिओत तबकड्यांवर नाना प्रकारचे ध्वनी कोरून घेण्याच्या नादात त्यांनी एक घंटा ठोकली. ठोका पडताना ध्वनी घेणारे बटण बंद ठेवले आणि ठोका होऊन गेल्यावर ते उघडले. तबकडी वाजवून पाहतात तो घंटा नाहीशी झालेली! तेथे ओबो या फुंकवाद्यासारखा एक स्वर गात होता. धातूच्या घंटेतून लाकडी फुंकवाद्य निघावे हे पाहून शेफेर यांना जो बोध झाला त्यावर त्यांनी पुढे एक संगीतसंप्रदायच उभा केला. त्याची तात्त्विक इमारत आम्हांस काही ठिकाणी डळमळीत वाटते. परंतु पायाचा हा दगड पक्का आहे. वाचकांनी येथे एवढेच ध्यानात ठेवावे की, शेफेर यांच्या हाताने त्या दिवशी जे केले तेच काम एकतीस वर्षांनी त्या जपानी पेटीतील तारा व तुकडे आपोआप करू लागले.

मधल्या काळात या दोन्ही वस्तू, फुगता स्वर आणि उलटा स्वर, सामान्य श्रोत्यांच्या घरात शिरल्या, आणि त्या शिरविण्याचे श्रेय मुख्यतः लिव्हरपूलच्या चार तरुणांकडे जाते. बीटल्सच्या 'आय नीड यू' या १९६५ सालच्या गीतात जॉर्ज हॅरिसनच्या गिटारचे स्वर आघातावाचून फुगून येतात. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९६६ मध्ये, 'रेन' या गीताच्या अखेरीस जॉन लेननचा आवाज उलटा ऐकू येतो. ही कल्पना कोणाची, यावर दोन साक्षी आहेत. लेननचे म्हणणे असे की, रात्री घरी नेलेली फीत आपण झोपेच्या धुंदीत उलटी चढविली व जे ऐकले त्याने वेडावून गेलो. निर्माते जॉर्ज मार्टिन म्हणत की, लेनन बाहेर गेला असताना आपणच फीत उलटून ठेवली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्यास अशा वादात मौज वाटते, कारण दोन्ही साक्षीदार प्रत्यक्ष हजर आणि दोघेही प्रामाणिक. आम्हांस वाटते, फीत ही वस्तूच अशी होती की ती आज ना उद्या कोणाच्या तरी हातून उलटी चढणारच होती.

त्याहून महत्त्वाचे काम त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाले. 'आय'म ओन्ली स्लीपिंग' या झोपाळू गीतात हॅरिसनला गिटारचे उलटे स्वर हवे होते. पण हवी तशीच स्वरपंक्ती उलटून यावयास हवी होती, नुसता यदृच्छेचा गोंधळ नको होता. तेव्हा चालीचे तुकडे आधी ठरवून, ते मागून पुढे असे लिहून घेऊन, तसे वाजवून, मग फीत उलटविण्यात आली. ही तर तेहतीस वर्षांपूर्वीची जोबेरची रीत! ती लंडनमध्ये ठाऊक होती की पुन्हा नव्याने सुचली, हा प्रश्न येथे गौण आहे. या कामात एका गीतातील काही क्षणांसाठी रात्रीचे कित्येक तास गेले. पुढल्या वर्षी जिमी हेंड्रिक्सने 'आर यू एक्सपीरिअन्स्ड' या गीतात उलट्या ध्वनींचा एवढा दाट वापर केला की, रंगमंचावर ते जसेच्या तसे वाजविणे कोणासही शक्य नव्हते.

येथे खरी अडचण उभी राहते. स्टुडिओत साधलेली गोष्ट श्रोत्यांसमोर कशी करावयाची? आणि ही अडचण केवळ यंत्राच्या अपुरेपणाची नाही. स्वर उलटा वाजवावयाचा तर त्याचा शेवट आधी हाती हवा. आणि शेवट हाती येण्यास स्वर आधी पूर्ण होऊन गेला पाहिजे. तार छेडल्याबरोबर तिचा उलटा स्वर देणारी पेटी कोणीही बनवू शकणार नाही, कारण तिला भविष्य कळावे लागेल. जो स्वर अजून घडलाच नाही तो मागून पुढे कसा वाचावा?

मग उलटेपणाचा निदान भास तरी निर्माण करावा, या वाटेने दोन ठिकाणचे कारागीर गेले. ओसाका येथे इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली रोलंड ही विजेची वाद्ये करणारी कंपनी काढली होती. बॉस हे तिच्याच गिटार-पेट्यांचे नाव. त्या नावाची पहिली पेटी १९७६ सालची, बरीच मोठी. १९७७ पासून लहान पेट्यांची मालिका सुरू झाली, आणि तिचा आकार पुढे दशकानुदशके जवळजवळ तसाच राहिला : वर रबराची पाटी लावलेला पायदाब, त्याखाली बॅटरीची जागा, कपाळावर बटणे. 'स्लो गिअर' याच मालिकेतील. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीने 'अटॅक डिके' नावाची पेटी काढली, आणि तिच्या नावाबरोबर उलट्या फितीची नक्कल करणारे यंत्र असे उघड वर्णनही छापले.

'स्लो गिअर'च्या आतील रचना समजण्यास सोपी आहे. गिटारकडून आलेला विद्युत्प्रवाह आत शिरताच दोन वाटांनी जातो. एक वाट ध्वनिवर्धकाकडे. तिच्यावर ट्रान्झिस्टरचे एक दार आहे आणि ते एरवी मिटलेले असते. दुसऱ्या वाटेवर एक पहारेकरी. आलेल्या प्रवाहाचा जोर ठराविक मर्यादेपेक्षा अधिक झाला की, तार छेडली गेली असे तो समजतो आणि दार उघडण्याची आज्ञा देतो. दार मात्र एकदम उघडत नाही. एक कपॅसिटर हळूहळू भरत जातो आणि त्याच्या भरण्याबरोबर दार किलकिले, अर्धे, पूर्ण असे होत जाते. तोवर आघात दाराबाहेरच मरून गेलेला असतो. पहारेकऱ्याचा कान किती तिखट असावा हे 'सेन्स' नावाचे बटण ठरविते, आणि दार किती सावकाश उघडावे हे 'अटॅक' नावाचे. दुसऱ्या बटणाला ज्याचा नाश करावयाचा त्याचेच नाव दिले आहे, ही त्यातली गंमत.

पेटी अशी वादकाच्या आज्ञेत असली तरी तिची वादकालाही एक आज्ञा असे. पहिला स्वर विझण्यापूर्वी दुसरा छेडला तर पहारेकऱ्यास दोन स्वरांतील फट दिसतच नाही. दार उघडे ते उघडेच राहते आणि दुसरा स्वर नेहमीच्या टणत्काराने बाहेर पडतो. तेव्हा प्रत्येक स्वरानंतर तार दाबून क्षणभर शांतता ठेवणे भाग. 'सेन्स' कमी ठेवावे तर हलक्या हाताचे स्वर आतच गुदमरतात. जास्त ठेवावे तर गिटारच्या स्वतःच्या गुणगुणाटानेच दार उघडू पाहते. करंगळीने बटण फिरविणाऱ्यास यांपैकी एकही बंधन नव्हते. त्याने प्रत्येक स्वर वेगळ्या वेगाने फुगवावा, मध्येच थांबवावा, वाटल्यास आघात किंचित ऐकूही द्यावा. पेटी मात्र सगळ्या स्वरांना एकाच मापाचे अंगरखे शिवी. द्रुत वादनात तिचा पाड लागत नसे, कारण दार उघडेपर्यंत स्वर पुढे निघून गेलेला असे.

शिवाय तिने दिलेला स्वर उलटा नव्हताच. उलटा स्वर फुगतो आणि शिखरावर तुटतो. तिचा स्वर फुगतो आणि मग तारेच्या स्वभावाप्रमाणे शांतपणे विरत जातो. पूर्वार्ध उलट्या फितीचा, उत्तरार्ध साध्या तारेचा. आमच्या कानाला तो गजाने वाजविलेल्या वाद्याच्या अधिक जवळचा वाटतो, आणि पहिल्यांदा ऐकणारे पुष्कळ जण ते व्हायोलिन समजतात हे उगीच नव्हे. स्टुम्फ यांचे श्रोते असेच चुकले होते.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात आहत आणि अनाहत असे नादाचे दोन भेद आहेत हे सर्वश्रुत आहे. आघातावाचून आल्यासारखा वाटणारा हा स्वर ऐकून एखाद्यास अनाहत नादाची आठवण होईल; पण ही तुलना ताणू नये. अनाहत हा योग्याच्या ध्यानाचा विषय, त्याने लोकरंजन होत नाही असे शास्त्रकारच सांगतात. पेटीतील नाद पुरता आहत आहे. त्याच्यावर प्रहार झालेला आहे. फक्त तो लपविलेला आहे. आणि आम्हांस खरी खंत वाटते ती येथे. तारेवरील आघात म्हणजे वादकाच्या हाताची सही. एकच सतार दोन उस्तादांनी छेडावी आणि पहिल्या बोलातच कोण कोणता ते कळावे, याचे कारण स्वरात फारसे नसते. ते त्या शतांश सेकंदात असते. ती सही खोडून जे मिळते ते सुंदर असते, यात शंका नाही. परंतु करंगळीने तीच सही खोडणारा बुकॅनन खोडण्यातही आपला हात दाखवीत असे. पेटीने खोडलेल्या सह्या सगळ्या सारख्याच.

१९८२ नंतर या पेटीचे भाग्य एका विचित्र रीतीने पालटले. दुकानातून गेलेली वस्तू संग्राहक शोधू लागले आणि जुन्या नगांना मूळ किमतीच्या कितीतरी पट मोल येऊ लागले. दुसऱ्या कारखान्यांनी तिच्या नकला केल्या. बॉसनेही पुढे अनेक परिणाम एकत्र देणाऱ्या आपल्या मोठ्या यंत्रांत 'स्लो गिअर' हे नाव एका परिणामाला देऊन जिवंत ठेवले.

खऱ्या उलट्या स्वराचा प्रश्न अंकीय स्मृती स्वस्त झाल्यावर सुटला, आणि ज्या अडचणीचा उल्लेख वर केला ती जशीच्या तशी ठेवून सुटला. १९९९ साली आलेल्या लाईन ६ कंपनीच्या डीएल-४ या हिरव्या पेटीत व तिच्यासारख्या इतरांत वादकाचे वाजविणे लहान लहान तुकड्यांत साठविले जाते. तुकडा पुरा झाला की तो मागून पुढे वाजतो, आणि तोवर पुढला तुकडा साठत असतो. यात फुगणे आणि तुटणे दोन्ही खरे. फक्त ते नेहमी एक तुकडा उशिरा येते. म्हणून असे वादक आता बोटे पुढे नेत असता कान मागे ठेवावयास शिकले आहेत. हात थांबल्यानंतरही त्यांना उभे राहावे लागते, कारण शेवटच्या तुकड्याचा पहिला स्वर अजून यावयाचा असतो.